'मिस द बस' म्हणजे नेमकं काय? अर्थ, उगम, योग्य वापर आणि वाशिंदची चुकलेली लोकल

"आज माझी गाडी चुकली." वाशिंदहून रोज कल्याण, ठाणे किंवा मुंबईला जाणाऱ्या माणसाने एवढंच म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला पुढचं न सांगता कळतं. कल्याणला बदलायची गाडी गेली असणार, ऑफिसात लेट मार्क लागला असणार, नेहमीच्या डब्यातली नेहमीची जागा आणि नेहमीची माणसंही हुकली असणार.

इंग्रजीत मात्र "ही मिस्ड द बस" हे वाक्य अशा माणसाबद्दलही म्हणतात, जो बस स्टँडच्या आसपासही फिरकलेला नाही. एखाद्या कंपनीबद्दल म्हणतात, पक्षाबद्दल म्हणतात, अख्ख्या देशाबद्दल म्हणतात. तिथे बस नसते, संधी असते.

हा वाक्प्रचार आता मराठी बोलण्यातही रुळला आहे. व्हॉट्सअॅपवर, रील्समध्ये, शेअर बाजाराच्या सल्ल्यात, प्लॉटच्या जाहिरातीत "बस मिस करू नका" असं सर्रास दिसतं. म्हणून त्याचा अर्थ, तो कुठून आला, मराठीत त्याला काय म्हणायचं आणि तो कुठे वापरू नये, हे सविस्तर पाहू.

थोडक्यात अर्थ

'मिस द बस' म्हणजे वेळेवर पाऊल न उचलल्यामुळे समोर आलेली संधी हातची घालवणे.

उदाहरणं अशी:

- मोबाइल स्मार्ट होत होते तेव्हा त्या कंपनीने जुनीच मॉडेल्स काढली. ती बस त्यांनी मिस केली.
- अर्जाची मुदत काल संपली. आता बस चुकली, पुढच्या वर्षी बघू.
- सगळे जण पॅनलमध्ये उभे राहिले, हा विचारच करत बसला. बस गेली निघून.

तिन्ही वाक्यांत संधी होती, तिला वेळेची मर्यादा होती आणि ती वेळ निघून गेली.

या तीन शब्दांत दडलेल्या चार गोष्टी

वाक्प्रचार छोटा आहे, पण तो वापरताना आपण नकळत चार दावे करत असतो.

1. बस खरंच आली होती. म्हणजे संधी प्रत्यक्षात होती, नुसती अफवा नव्हती.
2. ती त्या माणसाच्या थांब्यावर आली होती. म्हणजे संधी त्याच्या आवाक्यात होती.
3. तो वेळेवर पोचला नाही. म्हणजे उशीर त्याच्याकडून झाला.
4. आता पुढची बस नाही. निदान लवकर तरी नाही.

या चारपैकी एक जरी गोष्ट खरी नसेल, तर 'मिस द बस' म्हणणं चुकीचं ठरतं आणि बरेचदा अन्यायाचंही. पुढे वाशिंदचं उदाहरण येईल तेव्हा हे जास्त स्पष्ट होईल.

'बस' हा शब्द आला कुठून?

'बस' हे 'ऑम्निबस' या शब्दाचं शेपूट आहे. ऑम्निबस हा लॅटिन शब्द, अर्थ 'सर्वांसाठी'. खासगी घोडागाडी श्रीमंतांची, भाड्याची बग्गी परवडेल त्याची. पण ठरलेल्या रस्त्यावरून, ठरलेल्या भाड्यात, जो येईल त्याला घेऊन जाणारी गाडी सगळ्यांची, म्हणून हे नाव. लंडनमध्ये जॉर्ज शिलिबिअर यांनी 4 जुलै 1829 रोजी पॅडिंग्टन ते बँक अशी ऑम्निबस सेवा सुरू केली. ती घोडे ओढत असत. पुढे बोलण्याच्या ओघात 'ऑम्नि' गळून पडलं आणि 'बस' उरलं.

आपल्याकडे मुंबईत पहिली मोटार बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. आजच्या एसटीची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी सुटली. त्यानंतरच्या काळात गावोगावी एसटी पोचली आणि 'बस चुकली' हे वाक्य खेड्यातल्या माणसाच्याही रोजच्या बोलण्यात आलं.

वाक्प्रचार कसा रूढ झाला?

याच्या उगमाबद्दल ऑक्सफर्डची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जॉन हेन्री न्यूमन हे इंग्लंडमधले मोठे धर्मपंडित 1845 मध्ये अँग्लिकन चर्च सोडून कॅथलिक झाले. त्यांच्या प्रभावाखाली असलेले मार्क पॅटिसन हेही त्याच वाटेवर होते. पण न्यूमन यांच्याकडे जायला निघाले तेव्हा त्यांची ऑम्निबस चुकली, ते परत फिरले आणि ते धर्मांतर राहूनच गेलं, अशी ही आख्यायिका. ती जशीच्या तशी घडली असेल असं नाही. पण 'बस चुकणे' म्हणजे 'आयुष्याचं वळण चुकणे' हा अर्थ कसा चिकटला असेल, हे त्यातून समजतं.

हा वाक्प्रचार जगभर गाजला तो मात्र 1940 मध्ये. त्या प्रसंगाच्या तारखा स्पष्ट आहेत.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन सात महिने झाले होते. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी 4 एप्रिल 1940 रोजी आपल्या पक्षाच्या सभेत भाषण केलं. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनची तयारी कमी होती, तेव्हाच हिटलरने जोरदार हल्ला करायला हवा होता. तो त्याने केला नाही, आता आपण सज्ज आहोत, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच भाषणात ते म्हणाले की हिटलरची बस चुकली.

पाचच दिवसांनी, 9 एप्रिलला, जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला. नॉर्वेतली ब्रिटिश मोहीम फसली. 7 आणि 8 मे रोजी संसदेत त्यावर वादळी चर्चा झाली. चेंबरलेन बोलायला उभे राहिले तेव्हा विरोधी सदस्यांनी त्यांचेच 'बस चुकली' हे शब्द ओरडून त्यांच्या तोंडावर फेकले. 10 मे रोजी चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले.

यातून एक धडा सहज मिळतो. दुसऱ्याची बस चुकली असं जाहीर करण्याआधी ती खरंच सुटली आहे का, हे पाहावं.

बस, बोट, जहाज, ट्रेन: फरक काय?

इंग्रजीत याच अर्थाचे आणखी काही वाक्प्रचार आहेत. ते सरसकट एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

- मिस द बोट: अर्थ जवळपास तोच, संधी हुकणे. अमेरिकन इंग्रजीत हाच जास्त ऐकू येतो. तिथे काही वेळा याचा अर्थ 'मुद्दा न समजणे' असाही होतो. 'मिस द बस'ला तो अर्थ नाही.
- दॅट शिप हॅज सेल्ड: ते जहाज निघून गेलं. इथे चूक कोणाची यावर भर नाही, आता काही करता येणार नाही यावर आहे.
- द ट्रेन हॅज लेफ्ट द स्टेशन: निर्णय झाला आहे, प्रक्रिया सुरू झाली आहे, आता अडवून उपयोग नाही.
- थ्रो अंडर द बस: यात बस आहे, पण अर्थ पूर्ण वेगळा. स्वतःला वाचवण्यासाठी आपल्याच माणसाला तोंडघशी पाडणे, बळीचा बकरा करणे. "बॉसने मला बसखाली टाकलं" आणि "माझी बस चुकली" यांची गल्लत करू नका.

मराठीत काय म्हणाल?

शब्दशः 'बस चुकली' म्हटलं तरी आता कळतं. पण मराठीकडे स्वतःचे शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे.

संधी हुकणे, वेळ निघून जाणे: सगळ्यात सरळ. बातमीत, अर्जात, भाषणात कुठेही चालतं.

हंगाम हुकणे: हा शेतीतला शब्द. शहापूर-मुरबाड भागात भाताची रोपं करण्यासाठी पावसाआधी राब भाजतात. पाला, गवत, शेण जमिनीवर पसरून जाळतात आणि पहिल्या पावसावर तिथे बी टाकतात. राब भाजायचा राहिला आणि पाऊस आला, तर ओला पाला पेटत नाही. रोप उशिरा, म्हणून लावणी उशिरा, म्हणून पीक उशिरा. 'मिस द बस'मधली घाई या एका गोष्टीत पुरेपूर आहे. फरक एवढाच, की हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

बैल गेला नि झोपा केला: झोपा म्हणजे गोठ्याला लावायचं काटक्यांचं दार. बैल निघून गेल्यावर दार लावून काय उपयोग? इथे भर संधी जाण्यावर नाही, नुकसान झाल्यावर केलेल्या निरर्थक उपायावर आहे. म्हणून ही म्हण 'मिस द बस'ची जुळी बहीण नाही, चुलत बहीण आहे.

वरातीमागून घोडे: काम उरकल्यावर मदत येणे. पूर ओसरल्यावर होड्या येतात, तेव्हा हे म्हणायचं. बस चुकलेला माणूस थांब्यावर उरतो, वरातीमागचा घोडा मात्र पोचतो, पण उपयोग संपल्यावर.

दैव आलं द्यायला, पदर नाही घ्यायला: संधी दारात आली, पण ती झेलण्याची ऐपत किंवा तयारी नव्हती. इंग्रजी वाक्प्रचारात न येणारी एक गोष्ट या म्हणीत येते. माणूस वेळेवर हजर असूनही संधी जाऊ शकते.

'माझी गाडी चुकली' आणि 'मी गाडी चुकवली'

भाषेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फरक इथे आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही.

इंग्रजी वाक्य आहे 'आय मिस्ड द बस'. कर्ता 'मी'. चुकवण्याचं काम 'मी' केलं. वाक्य उच्चारताच जबाबदारी माझ्या अंगावर येते.

मराठीत आपण म्हणतो 'माझी गाडी चुकली'. इथे कर्ता गाडी आहे, क्रियापदही गाडीप्रमाणे चालतं. मी झोपून राहिलो म्हणून चुकली, रिक्षा मिळाली नाही म्हणून चुकली की ती वेळेआधीच सुटली, हे वाक्य सांगत नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न ते मोकळा ठेवतं.

दोष सांगायचा असेल तर मराठीत वेगळी सोय आहे. 'माझं चुकलं' म्हटलं की कबुली झाली. 'मी गाडी चुकवली' म्हटलं की मुद्दाम टाळली असा अर्थ येतो, जसं काम चुकवणे, नजर चुकवणे, कर चुकवणे. एकाच धातूतून तीन पायऱ्या: चुकली, चुकलं, चुकवली.

आणि चौथा शब्द सगळ्यांत सुंदर आहे, 'चुकामूक'. तुम्ही स्टेशनच्या पूर्वेला थांबलात, मित्र पश्चिमेला थांबला. दोघेही वेळेवर आले, भेट मात्र झाली नाही. यात दोष कोणाचाच नाही. पुष्कळ संधींच्या बाबतीत असंच होतं. त्यांना 'बस मिस केली' म्हणण्यापेक्षा 'चुकामूक झाली' म्हणणं जास्त खरं आहे.

वाशिंदच्या फलाटावरून हा वाक्प्रचार कसा दिसतो?

वाशिंद हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचं स्टेशन, सीएसएमटीपासून सुमारे 80 किलोमीटरवर. त्याच्या आधी खडवली, त्याच्या पुढे आसनगाव. शहापूर गावाला स्वतःचं स्टेशन नाही, तिथले लोक आसनगावला येतात. आजूबाजूच्या खेड्यापाड्यांतले लोक चालत, रिक्षाने, एसटीने वाशिंदला येऊन लोकल पकडतात.

या स्टेशनचा इतिहास मोठा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. 1 मे 1854 रोजी मार्ग कल्याणपर्यंत आला आणि 1 ऑक्टोबर 1855 रोजी वाशिंदपर्यंत. पुढचा आसनगावपर्यंतचा तुकडा सुरू व्हायला फेब्रुवारी 1860 उजाडला. 1861 मध्ये गाडी कसाऱ्याला पोचली आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोचायला 1865 साल लागलं.

म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या मार्गावर वाशिंद हे शेवटचं स्टेशन होतं. पुढे रूळच नव्हते. त्या काळात खर्डीच्या किंवा कसाऱ्याच्या माणसाला 'तुझी गाडी चुकली' असं कोणी म्हणू शकलं असतं का? गाडी त्याच्या गावापर्यंत आलीच नव्हती. वर सांगितलेल्या चार दाव्यांपैकी दुसराच दावा इथे पडतो.

मुरबाडचं उदाहरण तर आजचं आहे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी आणि चर्चा कित्येक वर्षांची आहे. तिथल्या माणसाला आधी एसटीने किंवा खासगी गाडीने कल्याण गाठावं लागतं आणि मग लोकल. जी गाडी अजून आलीच नाही, ती चुकणार कशी?

आता तिसरा आणि चौथा दावा पाहू. मुंबईत अंधेरी किंवा दादरला लोकल चुकली तर पाचेक मिनिटांत दुसरी येते. चुकली तरी फरक पडत नाही. कल्याणच्या पुढे मार्ग दोन फाट्यांत विभागतो, एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. त्यामुळे गाड्याही विभागतात. कसारा बाजूला लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांना मिळून जायला एक आणि यायला एक असे दोनच मार्ग वापरावे लागत आले आहेत. तिसऱ्या मार्गिकेचं काम बरीच वर्षं चालू आहे. मेल पास करायची म्हणून लोकल थांबवून ठेवली, हा अनुभव इथल्या प्रत्येक प्रवाशाचा आहे.

अशा वेळी एक साखळी तयार होते. लोकल उशिरा आली, म्हणून स्टेशनबाहेरची गावाकडे जाणारी एसटी निघून गेली. शेवटची एसटी असेल तर रात्री रिक्षाला जास्तीचे पैसे द्यायचे, नाहीतर चालत जायचं. माणूस स्वतः क्षणभरही रेंगाळलेला नाही, तरी त्याची बस चुकली. इंग्रजी वाक्य म्हणेल, त्याने बस मिस केली. मराठी वाक्य म्हणेल, त्याची बस चुकली. वाशिंदमध्ये मराठी वाक्य जास्त खरं आहे.

आणि ज्या मार्गावर गाड्या कमी, तिथे एक गाडी चुकण्याची किंमत जास्त. हीच गोष्ट संधींना लागू होते. शहरातल्या मुलाला एक क्लास आवडला नाही तर दुसरा आहे, एक कॉलेज नाही मिळालं तर शेजारचं आहे. पाड्यावरच्या मुलीला जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नेटवर्क असलेली जागा आणि तालुक्याला जायची एसटी, या सगळ्यांची वेळ जुळली तरच ऑनलाइन अर्ज वेळेत भरला जातो. तिचा अर्ज राहिला तर "हिने बस मिस केली" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ती थांब्यावर उभी होती. 'दैव आलं द्यायला, पदर नाही घ्यायला' यातला पदर तिला कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

'बस मिस करू नका': भीती घालण्यासाठी होणारा वापर

सोशल मीडियावर या वाक्प्रचाराचा सगळ्यात जास्त वापर विक्रीसाठी होतो. आधी 'बस चुकेल' ही भीती घालायची, मग विचार करायला वेळ न देता पैसे भरायला लावायचे. या भीतीला हल्ली 'फोमो' म्हणतात, म्हणजे सगळे पुढे जातील आणि आपण मागे राहू ही धास्ती.

शहापूर-मुरबाड भागातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे प्लॉटच्या जाहिराती. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. साहजिकच "महामार्गाजवळ जागा, आज बुकिंग करा, उद्या बस चुकेल" अशा रील्स फिरू लागतात.

अशा वेळी आपल्या चार दाव्यांची यादी कामाला येते.

- बस खरंच आहे का? सातबारा, फेरफार आणि बिगरशेती आदेश पाहा. मोठ्या भूखंड प्रकल्पाला महारेरा नोंदणी लागते. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो.
- ती माझ्या थांब्यावर थांबते का? महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. या दोन्ही तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी आहे, म्हणून हे तपासणं फार गरजेचं.
- घाई कोणाला आहे? बस चुकेल असं सांगणारा स्वतःच तिकीट विकत असेल, तर त्याचं म्हणणं दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्या.
- पुढची बस नाहीच का? कागदपत्रं पाहायला आठ दिवस लागले म्हणून जी संधी जाते, ती गेलेलीच बरी.

शेअर बाजाराच्या 'खात्रीशीर' टिप्स, घरबसल्या कामाचे मेसेज, 'शेवटचे दहा मिनिटं' असं लिहून आलेल्या लिंक, यांनाही हीच कसोटी लावा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर राष्ट्रीय हेल्पलाइन 1930 वर लगेच फोन करा. तिथे मात्र उशीर केला तर खरंच बस चुकते, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते.

वापरताना या चुका टाळा

1. इंग्रजीत वाक्प्रचार म्हणून वापरताना 'द बस' असंच म्हणतात. 'माय बस' म्हटलं की खरीखुरी बस चुकली असा अर्थ होतो.
2. कोणत्या बाबतीत संधी हुकली हे सांगायचं असेल तर पुढे 'ऑन' येतं. 'मिस्ड द बस ऑन सोलर' म्हणजे सौरऊर्जेच्या बाबतीत मागे पडले.
3. बहुतेक वेळा भूतकाळात वापरा. वर्तमानकाळात 'आय मिस द बस' म्हटलं तर 'मला बसची आठवण येते' असाही अर्थ निघतो. तीस वर्षं कसारा लोकलने प्रवास करून निवृत्त झालेल्या काकांना तसं खरंच म्हणायचं असेल, तर गोष्ट वेगळी.
4. माणसाच्या लग्नाबद्दल, मुलाबाळांबद्दल, वयाबद्दल हा वाक्प्रचार वापरू नका. "तिची बस चुकली" हे टोमणा म्हणून बोललं जातं, आणि त्यात पहिलाच दावा खोटा असतो. तिला त्या बसने जायचंच होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?
5. दुःखाच्या, अपघाताच्या किंवा आजारपणाच्या प्रसंगी टाळा. हलका, चेष्टेचा सूर त्यात असतोच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

'बस चुकली' हे मराठीत लिहिलेलं चालेल का?
चालेल. संदर्भातून अर्थ कळत असेल तर वाचकाला अडचण येत नाही. औपचारिक लेखनात 'संधी हुकली' जास्त शोभतं.

'मिस द बस' आणि 'मिस द बोट' यांत बरोबर कोणतं?
दोन्ही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत आणि भारतात 'बस' सहज ऐकू येतं, अमेरिकेत 'बोट'.

याचा उलट अर्थ कसा सांगायचा?
मराठीत 'वेळ साधली', 'संधी साधली'. 'संधिसाधू' हा शब्द मात्र नकारात्मक आहे, तो जपून वापरा.

चुकलेली बस परत मिळते का?
वाक्प्रचारापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. प्रत्यक्षात ते मार्गावर अवलंबून आहे. ज्या मार्गावर गाड्या जास्त, तिथे बहुतेक वेळा मिळते.

म्हणून पुढच्या वेळी कोणाला "तू बस मिस केलीस" असं लिहायला घ्याल, तेव्हा सेंड करण्याआधी एवढंच बघा, त्याच्या थांब्यावर दिवसाला बस किती येतात.